ट्रॉली आधी खाली करायची का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून वेगळा लेखच लिहितोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: वेब रिक्वेस्ट आली की तिची बॉडी (तिच्यातून पाठवलेला मजकूर किंवा फाइल) लगेच सगळीच्या सगळी मेमरीत ओढून घेऊ नका, गरज पडेल तेव्हा आणि गरज असेल तेवढीच वाचा, असं मी लिहिलं होतं.

तुम्ही सातपूरला चौदा वर्षं हेच काम करताय आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. रॅम स्वस्त झाली आहे, चार-आठ एमबीच्या बॉडीसाठी एवढा आटापिटा कशाला? पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मग आपल्या कोडकडे देणारा सर्व्हर) बसलेलं असतं, ते सगळी बॉडी स्वतःकडे घेऊनच आत सोडतं, मग हा सगळा लेख पुस्तकी ठरतो. तुकड्या-तुकड्याने वाचलं की चूक मध्येच कळते आणि अर्धवट फायली निस्तरत बसावं लागतं. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट: माझा लेख वाचून तुमच्या टीममधल्या एका मुलाने पेमेंटच्या वेबहुकला (पेमेंट झालं की समोरचा सर्व्हर आपल्याला आपणहून पाठवतो ती रिक्वेस्ट) स्ट्रीम लावली, म्हणजे बॉडी तुकड्या-तुकड्याने वाचायला घेतली, आणि दुपारभर एकही सही जुळेना.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक आहे.

वेबहुक पाठवणारा मजकूर आपलाच आहे हे पटवायला जी सही (गुप्त किल्लीने काढलेली खूण) जोडतो ती बॉडीच्या जशाच्या तशा बाइट्सवर काढलेली असते. जेसनचा (माहिती पाठवायच्या नेहमीच्या फॉरमॅटचा) अर्थ काय निघतो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. समजा आलेल्या मजकुरात रक्कम १५०.०० आहे आणि शहर नाशिक. पायथनमध्ये ते पार्स करून (उलगडून) परत जेसन केलं तर रक्कम १५०.० होते, प्रत्येक स्वल्पविराम आणि अपूर्णविरामापुढे एकेक स्पेस येते, आणि 'नाशिक' हा शब्द, जो यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) मध्ये १५ बाइट्सचा होता, तो डीफॉल्ट सेटिंगमुळे एस्केप होऊन (प्रत्येक चिन्हाऐवजी त्याचा कोड येऊन) ३० बाइट्सचा होतो. तुम्ही-आम्ही वाचलं तर मजकूर तोच. सही मात्र जुळणार नाही, आणि ती जुळू नये हेच बरोबर आहे.

तुमच्या टीममधल्या त्या मुलाचं मात्र याहूनही साधं झालेलं दिसतं. तुम्ही लिहिलंय की सही तपासणाऱ्या मिडलवेअरच्या (मुख्य कोडआधी प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या थराच्या) आधी लॉगिंगचं मिडलवेअर होतं. बॉडी ही वाहती गोष्ट आहे, ती एकदाच वाचता येते. लॉगिंगने ती वाचून संपवली, पुढच्याच्या हातात रिकामे बाइट्स आले आणि त्याने इमानदारीने रिकाम्या बाइट्सची सही काढली. प्रत्येक फ्रेमवर्कने (वेब अ‍ॅपच्या तयार सांगाड्याने) हा अनुभव आपापल्या परीने नोंदवलेला आहे. पायथनच्या जँगोमध्ये स्ट्रीममधून वाचल्यावर कोणी 'रिक्वेस्ट डॉट बॉडी'ला हात लावला की एरर येते. जावाच्या सर्व्हलेटमध्ये 'गेटइनपुटस्ट्रीम' आणि 'गेटरीडर' दोन्ही मागितले तर दुसऱ्या वेळी एक्सेप्शन मिळतं. पीएचपीत ५.६ च्या आधी 'पीएचपी इनपुट' एकदाच उघडता यायचं. ही बंधनं त्रास द्यायला ठेवलेली नाहीत. खाली सॉकेट (नेटवर्कच्या जोडणीचं टोक) आहे आणि सॉकेटमधून गेलेलं मागे येत नाही.

वेबहुकसाठी मी लेखात एक वेगळा परिच्छेद लिहायला हवा होता. तिथे बॉडी छोटी असते. तेव्हा आधी मर्यादा घाला, समजा ६४ केबी किंवा पाठवणाऱ्याच्या कागदपत्रांत असेल ती, मग कच्चे बाइट्स पूर्ण वाचा, तेच बाइट्स हातात ठेवून सही तपासा (तुलना स्थिर वेळ घेणाऱ्या फंक्शनने करा), आणि सही जुळली तरच पार्स करा. सही जुळेपर्यंत त्या मजकुरातल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या टीमची दुपार गेली त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

आता ज्या मुद्द्यावर मी ठाम आहे तो. माझ्या लेखाचं शीर्षकच मेमरीवर होतं, त्यामुळे तुमचाही समज तसा होणं साहजिक आहे. पण मला खरं म्हणायचं होतं ते असं: बॉडी वाचणं हा निर्णय आहे, आणि तो ज्याला पाठवणारा कोण, माल किती, घ्यायचा की नाही हे माहीत आहे त्याने घ्यावा.

लासलगावला कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेलच. ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येतात, वरचा कांदा हातात घेऊन बघतात, बोली लागते, भाव ठरतो. मग ट्रॉली वजनकाट्यावर जाते आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होते. भाव पटला नाही तर शेतकरी भरलेली ट्रॉली तशीच घेऊन जातो. ट्रॉली आधी खळ्यावर ओतून मग लिलाव करू असं तिथे कोणी म्हणणार नाही. आपण मात्र सर्व्हरवर रोज तेच करतो: ५० एमबी आत ओतून घेतो आणि मग बघतो की टोकन (लॉगिनची खूण) कालच संपलंय.

हेडर म्हणजे ट्रॉलीचा वरचा थर. तो आधी येतो, छोटा असतो, आणि त्यात बहुतेक सगळं असतं: कोण पाठवतंय, कुठल्या प्रकारचा माल आहे, 'कंटेंट-लेन्थ' असेल तर किती बाइट्स. चंक्ड पद्धतीने, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, आलं तर एकूण आकडा आधी कळत नाही, तेव्हा वाचता वाचता मोजावं लागतं, पण मोजता येतं. एचटीटीपीनेही यासाठी सोय ठेवली आहे: क्लायंटने (पाठवणाऱ्याने) 'एक्स्पेक्ट: १००-कंटिन्यू' हे हेडर पाठवलं तर तो सर्व्हरच्या होकाराची वाट बघतो. कर्ल (रिक्वेस्ट पाठवायचं कमांड-लाइन साधन) मोठ्या बॉडीसाठी हे स्वतःहून करतं. गो भाषेच्या मूळ सर्व्हरमधला तपशील मला फार आवडतो: तुमचा हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) बॉडीतून पहिल्यांदा वाचायला जातो त्या क्षणीच तो सर्व्हर '१०० कंटिन्यू' पाठवतो. तुम्ही न वाचताच ४०१ (ओळख पटली नाही असा नकार) दिलंत तर होकार कधी गेलेलाच नसतो. लेझी वाचन (गरज पडेल तेव्हाच वाचणं) म्हणजे काय हे मी कोणाला समजावतो तेव्हा हेच उदाहरण देतो.

रॅमचं बोलू. आकडा कसा फुगतो हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीतून सांगतो.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी आम्ही अ‍ॅप केलं होतं. निर्यातीच्या बागेत त्यांचा माणूस जातो, घडांचे आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्राक्षातली साखर मोजणाऱ्या उपकरणाच्या) रीडिंगचे फोटो काढतो आणि प्लॉटप्रमाणे पाठवतो. एका प्लॉटचे १२ फोटो, प्रत्येकी साधारण ४ एमबी. सोपं जावं म्हणून आम्ही सगळे फोटो बेस-६४ करून (बाइट्स साध्या अक्षरांत लिहून) एकाच जेसनमध्ये घातले होते, टोकनही त्याच जेसनमध्ये. बेस-६४ ने आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ४८ चे ६४ एमबी झाले. मागे जँगो होतं. जँगोची डीफॉल्ट मर्यादा २.५ एमबी असते, ती आडवी आली, म्हणून आम्हीच ती काढून टाकली. एनजिनएक्सची डीफॉल्ट मर्यादा १ एमबी, तीही वाढवली. दोन कुंपणं होती, दोन्ही आमच्याच हातांनी उपटली.

आता एका रिक्वेस्टचा हिशोब करा. आलेले बाइट्स ६४ एमबी. पार्स करण्याआधी त्यांची स्ट्रिंग होते, ती ६४. पार्स झाल्यावर प्रत्येक फोटोची वेगळी स्ट्रिंग, मिळून ६४. त्या डीकोड केल्या की फोटोंचे खरे बाइट्स ४८. एकूण २४० एमबी, आणि अजून एकाही फोटोची इमेज उघडलेली नाही. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सगळी माणसं बागेतून परत येतात आणि एकदम पाठवतात. आठ जणांनी एकत्र पाठवलं तर १,९२० एमबी. आमचा सर्व्हर २ जीबीचा होता. मेमरी संपली तशी कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) मारला, त्या वर्करवरचं काम गेलं, अ‍ॅपने शहाण्यासारखं पुन्हा पाठवायला घेतलं आणि तेच ६४ एमबी परत दारात.

तुम्ही म्हणाल, १६ जीबी घ्या. घेता येते. पण मग मर्यादा आठ माणसांवरून साठ-पासष्टवर जाते, एवढंच. शिवाय त्या सर्व्हरचा पत्ता माहीत असलेल्या कोणालाही, लॉगिन न करता, आमची २४० एमबी मेमरी एका रिक्वेस्टमध्ये अडवून ठेवता येत होती, कारण टोकन बघायला आधी जेसन उघडावं लागत होतं. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आणि जी किंमत सर्व्हरच्या बिलात कधी दिसत नाही ती वेगळीच. बागेत नेटवर्क यथातथाच असतं. अपलोडला २ एमबीपीएस मिळाला असं धरलं तरी ६४ एमबीला २५६ सेकंद लागतात, चार मिनिटांहून जास्त. चार मिनिटं फोन हातात धरून उभं राहिल्यावर स्क्रीनवर येतं: पुन्हा लॉगिन करा. त्या माणसाने दिवसभर उन्हात प्लॉट फिरून काम केलेलं असतं आणि डेटा पॅक त्याच्या खिशातून गेलेला असतो. रॅम स्वस्त असेल, त्याची संध्याकाळ स्वस्त नाही. लेखात मी मेमरीवर एवढं लिहिलं आणि या माणसाबद्दल एक ओळ लिहिली नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आलं.

तुमचा एनजिनएक्सचा मुद्दा बरोबर आहे आणि तो लेखात असायलाच हवा होता. एनजिनएक्स डीफॉल्टने पूर्ण बॉडी आधी स्वतः घेतं. मेमरीतला बफर मेमरीच्या दोन पेजइतका, म्हणजे आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ८ केबी. त्याहून मोठी बॉडी तात्पुरत्या फायलीत जाते आणि पूर्ण झाल्यावरच मागच्या अ‍ॅपला मिळते. याचा मोठा फायदा आहे: सावकाश पाठवणारा क्लायंट चार मिनिटं घेवो की दहा, तुमचा पायथन वर्कर तेवढा वेळ अडकून पडत नाही. मुद्दाम थेंब-थेंब बॉडी पाठवून वर्कर अडवणारा हल्लाही तिथेच अडतो.

पण त्याच कारणाने अ‍ॅपच्या हातातून एक गोष्ट जाते. अ‍ॅपला रिक्वेस्ट दिसते तोवर ट्रॉली खळ्यावर ओतून झालेली असते. मग लवकर नकार द्यायचा तर तो एनजिनएक्सनेच द्यायला हवा. आकाराचा नकार ते देऊ शकतं: 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ'पेक्षा 'कंटेंट-लेन्थ' मोठी असेल तर बॉडी न घेता ४१३ (बॉडी फार मोठी आहे असा नकार). ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरला एकच ठेवू नका. अपलोडच्या लोकेशनला (सेटिंगमधल्या तेवढ्या पत्त्याला) मोठी, बाकी सगळीकडे छोटी. ओळखीचा नकारही देता येतो: 'ऑथ रिक्वेस्ट' मॉड्यूल बॉडी घेण्याआधी तुमच्या छोट्या एंडपॉइंटला (सर्व्हरवरच्या एका पत्त्याला) विचारून येतं, आणि अट एवढीच की टोकन हेडरमध्ये हवं. २०१५ मध्ये आलेल्या १.७.११ पासून 'प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग' (बॉडी पूर्ण घेऊनच पुढे देणं) बंद करण्याचीही सोय आहे, पण ती सरसकट बंद करू नका. मागे सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारे) असतील तर सावकाश क्लायंटचा सगळा भार त्यांच्यावर येईल. मागे गो किंवा नोडसारखं (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) काही असेल आणि अपलोड खरंच मोठे असतील, तरच आणि तेवढ्याच लोकेशनला.

म्हणजे तुमच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालतो: एनजिनएक्स आहे म्हणून लेझी वाचनाचा प्रश्न सुटत नाही, तो एक घर पुढे सरकतो. शिवाय एनजिनएक्सने डिस्कवर ठेवलेली ६४ एमबीची फाइल अ‍ॅपने 'रिक्वेस्ट डॉट बॉडी' म्हणून उचलली की २४० एमबीचा हिशोब पुन्हा तोच.

फ्रेमवर्कवर सोडून द्या, असंही तुम्ही म्हटलंय. फ्रेमवर्क बहुतेक वेळा आपल्यापेक्षा शहाणं असतं, मान्य. जँगो मुळात लेझीच आहे, कोणी हात लावेपर्यंत बॉडी वाचत नाही. पण हात कोण लावतो ते बघा. सीएसआरएफचं (दुसऱ्या साइटवरून आलेले खोटे फॉर्म अडवणारं) मिडलवेअर त्याचं टोकन शोधायला आधी 'रिक्वेस्ट डॉट पोस्ट' बघतं, म्हणजे फॉर्म असेल तर तुमचा व्ह्यू (जँगोतला हँडलर) सुरू होण्याआधीच फॉर्म वाचून झालेला असतो. जँगो एएसजीआयवर (पायथनच्या असिंक सर्व्हर पद्धतीवर) चालवलं तर बॉडी हँडलरच्या आधीच तात्पुरत्या फायलीत साठवली जाते. नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये जेसनचा पार्सर सगळ्यात वर एका ओळीत लावायची सवय आहे. त्याची डीफॉल्ट मर्यादा १०० केबी आहे म्हणून निभावतं, आणि एका एंडपॉइंटसाठी कोणीतरी ती ५० एमबी केली की ती सगळ्याच एंडपॉइंटना लागू होते. पार्सर त्या-त्या रूटवर लावा, एवढा एक बदल केला तरी अर्धं काम होतं. आणि गझिप केलेली (दाबून छोटी केलेली) बॉडी स्वीकारत असाल तर मर्यादा उघडलेल्या बाइट्सवर मोजा, आलेल्यांवर मोजून उपयोग नाही.

राहिला अर्धवट फायलींचा मुद्दा. लासलगावच्या भाषेत हा वांधा: वरचा माल पाहून भाव ठरला आणि खाली करताना आत वेगळंच निघालं. तो होणारच, त्यामुळे त्याची जागा आधी ठरवून ठेवायची. आम्ही जे केलं ते सांगतो. फोन आधी एक छोटी रिक्वेस्ट पाठवतो: प्लॉट कुठला, फोटो किती, प्रत्येकाचे बाइट्स किती आणि हॅश (बाइट्सवरून काढलेला ठसा) काय. सर्व्हर टोकन बघतो आणि यातले कुठले फोटो हवेत ते सांगतो. मग प्रत्येक फोटो स्वतंत्र रिक्वेस्टमध्ये, बेस-६४ न करता, कच्च्या बाइट्सच्या रूपात येतो. सर्व्हर ६४ केबीचा तुकडा वाचतो, मोजतो, हॅशमध्ये घालतो, तात्पुरत्या नावाच्या फायलीत लिहितो आणि पुढचा तुकडा वाचतो. शेवटी बाइट्स आणि हॅश जुळले तरच फाइल तिच्या खऱ्या नावाने सरकवायची, आणि डेटाबेसमधली ओळ त्यानंतर. नाव बदलणं त्याच फाइलसिस्टिमवर एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसतेय म्हणजे ती पूर्ण आहे. मध्येच लाइन तुटली तर तात्पुरती फाइल उरते. तासाभराहून जुन्या अशा फायली एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) काढून टाकतो. तुम्हाला वाटलेली निस्तरानिस्तर ती एवढीच आहे, वीस-पंचवीस ओळींची.

बारा अपलोड एकत्र आले तरी तुकड्यांची मेमरी ७६८ केबी. सर्व्हर तोच २ जीबीचा आहे. फोटो एकेक जातात, त्यामुळे सातव्या फोटोला नेटवर्क गेलं तर पुढच्या वेळी सातव्यापासून.

तुम्ही विचारलंय, डिस्क सावकाश असेल तर बाइट्स कुठे साठतात? कुठेच साठू द्यायचे नाहीत. तुम्ही वाचणं थांबवलंत की कर्नलचा बफर भरतो, टीसीपीची विंडो (समोरच्याला आणखी किती पाठवता येईल ती मुभा) मिटत जाते आणि समोरचा आपोआप थांबतो. नोडमध्ये मात्र 'डेटा' इव्हेंटवर तुकडे घेऊन लिहीत राहिलात आणि लिहिणाऱ्या स्ट्रीमने 'थांब' म्हटलेलं ऐकलं नाहीत, तर ते तुमच्या प्रोसेसच्या मेमरीत साठतात. 'पाइपलाइन' वापरा, ती ऐकते.

एक सापळा आपल्या लिपीसाठी खास आहे आणि इंग्रजी उदाहरणांत तो दिसतच नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. तुमचा तुकडा ६५,५३६ बाइट्सचा. त्याला तीनने भागा: २१,८४५ चिन्हं आणि एक बाइट बाकी. स्पेस आणि आकडे मध्ये आले की हिशोब सरकतो, पण तुकड्याची कड कधी ना कधी अक्षराच्या मधोमध येणारच. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केलात तर त्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो किंवा सरळ एरर. आमच्याकडे शेतकऱ्यांची यादी ओळीला एक जेसन अशी येते, तिच्यात मधूनच एखाद्या गावाचं नाव फुटायचं आणि टेस्टमध्ये सगळं ठीक, कारण टेस्टची फाइल ६४ केबीहून छोटी होती. उपाय असा की बाइट्स नव्या ओळीच्या खुणेपर्यंत जमवायचे आणि पूर्ण ओळ डीकोड करायची. ती खूण एक बाइटची असते आणि यूटीएफ-८ मध्ये दुसऱ्या अक्षराच्या पोटात येत नाही. ओळी नसतील तर पायथनचा इन्क्रिमेंटल डीकोडर किंवा नोडचा स्ट्रिंगडीकोडर वापरा, ते उरलेला बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतात.

आणि हो, दोन केबीच्या लॉगिन फॉर्मला यातलं काही करू नका. तिथे पूर्ण वाचा, फक्त मर्यादा घाला. तुमचा 'गरजेआधीच ऑप्टिमायझेशन' हा आक्षेप त्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे.

जुन्या लेखात वेबहुकचा परिच्छेद आणि एनजिनएक्सचा भाग आज रात्री घालतो आणि शीर्षकातला 'मेमरी' शब्द काढतो. तुमच्याकडून एकच हवंय: लॉगिंगचं मिडलवेअर आता कुठे ठेवलंत आणि बॉडीची प्रत किती बाइट्सपर्यंत लॉग करता, ते खाली लिहाल का? आमच्याकडे अजून त्याचं समाधानकारक उत्तर नाही, सध्या फक्त हेडर लॉग करतो आणि काही वेळा ते कमी पडतं.